गिरणगावची भाकरी

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन, कोरडी पडलेली विहीर आणि चाऱ्यावाचून खंगलेली जनावरे उभी राहतात. महाराष्ट्राच्या स्मरणात दुर्गादेवीचा दुष्काळ आजही आहे, तो याच रूपाने. शहराच्या भुकेचे असे एखादे चित्र मात्र आपल्यापाशी नाही. शहरात पिके करपत नाहीत. पेठेत धान्याची पोती रचलेली असतात, हलवायाच्या दुकानात मिठाईची ताटे मांडलेली असतात, आणि त्याच दुकानाच्या पायरीशी एखादे माणूस उपाशीपोटी निजते. अन्न असणे आणि ते पोटात जाणे या दोहोंत किती अंतर असू शकते, हे शहराइतके दुसरीकडे कोठेही स्पष्ट दिसत नाही.

१९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, त्याने हे सत्य फार भयंकर रीतीने शिकविले. त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे तीस लाख माणसे दगावली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. कलकत्त्यातील कारखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी सवलतीच्या दराने धान्याची तजवीज झाली होती. परंतु मजुरी बुडाल्यामुळे खेड्यांतून आलेली माणसे त्याच शहराच्या रस्त्यांवर अन्नावाचून मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्याचा साठा एवढ्या मोठ्या संहाराचे कारण व्हावे इतका घटलेला नव्हता. घटली होती ती भूमिहीन मजूर, कोळी, लहान कारागीर अशांची धान्य मिळविण्याची ऐपत. कोठारात धान्य होते, पण त्यावर या माणसांचा हक्क चालत नव्हता.

मग प्रश्न असा पडतो की, ज्याच्यापाशी शेत नाही, कणगी नाही आणि महिन्याच्या अखेरीस हातात पैसाही नाही, अशा शहरी माणसाच्या ताटात भाकरी पडते कशी? सरकारने याला काही उत्तरे दिली, व्यापाऱ्याने काही दिली. पण या दोहोंच्या आधी आणि या दोहोंच्या मधल्या फटीत समाजाने स्वतः शोधलेले एक उत्तर होते. ते पाहण्यासाठी मुंबईच्या गिरणगावाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली तिच्यातून सूत निघू लागले. पुढल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, नायगाव या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास पोचली. यांतील फार मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेला. गावी जमिनीचा तुकडा असे, त्यावर घर भागत नसे. म्हणून घरचा कर्ता पुरुष मुंबईस येई आणि बायको, मुले, म्हातारे आईबाप गावीच राहत. गावकऱ्यांनी मिळून चाळीतील एक खोली, म्हणजे त्यांच्या बोलीतला ‘गाळा’, भाड्याने घ्यावा आणि दहा-पंधरा जणांनी त्यात आपल्या ट्रंका ठेवाव्यात, अशी रीत पडली. रात्रपाळी सुरू झाल्यावर एक जण कामावर जाई तेव्हा दुसरा त्याच्याच जागी अंथरूण पसरी. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव आणि डाबूळच्या बाजूस आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ उभारले, त्यामागेही हाच विचार होता. परक्या शहरात डोके टेकण्यापुरता आपला गाव हाताशी असावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

परंतु गाळ्यात चूल नव्हती. बारा-बारा तास मागावर उभे राहून आलेल्या माणसाने भाकऱ्या थापाव्यात तरी केव्हा? या गरजेतून खानावळ जन्मास आली. खानावळ म्हणजे पाटी लावलेले उपाहारगृह नव्हे. चाळीतल्याच एका खोलीत राहणारी, बहुधा आपल्याच मुलुखातली, एखादी स्त्री आपल्या कुटुंबाबरोबर दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करी. कोणी विधवा असे. कोणाचा नवरा क्षयाने अंथरुणास खिळलेला, तर कोणाचा कामावरून काढलेला असे. पहाटे उठून पाणी भरायचे, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी भाकरी-कालवण तयार ठेवायचे, दुपारच्या पाळीचे डबे भरायचे, आणि रात्री शेवटचा जेवणारा उठेपर्यंत चुलीपाशी बसायचे, असा तिचा दिवस असे. कोकणच्या माणसाला भात आणि सुकट लागे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. ज्याच्या त्याच्या जिभेची ओळख असलेले हे अन्न कामगारास परवडे, कारण तिने आपल्या श्रमाचे मोल त्यात जवळजवळ धरलेलेच नसे.

इथवरचे वर्णन पुष्कळांच्या परिचयाचे आहे. परंतु या व्यवहाराचा खरा गाभा स्वयंपाकात नव्हता. तो उधारीत होता. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने मिळे, आणि तोही महिना सरल्याबरोबर नव्हे, तर पुढल्या महिन्याची दहा-पंधरा तारीख उलटल्यावर. म्हणजे गावाहून नवा आलेला माणूस आज कामास लागला, तर त्याच्या हाती पहिला पैसा दीड महिन्याने पडायचा. या दीड महिन्यात त्याला जेवू कोणी घातले? गिरणीमालकाने नाही आणि सरकारनेही नाही. त्याला जेवू घातले खानावळवालीने. तिच्यापाशी तरी पैसा कोठून येणार? ती चाळीखालच्या वाण्याकडून धान्य, तेल, मिरची उधार आणी आणि त्यावर व्याज भरी. वाण्याने हात आखडला की तिच्या हातातली पाटली, आणि वेळ पडल्यास गळ्यातले मंगळसूत्रही, सावकाराकडे गहाण जाई. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत न दिसणारे हे भांडवल होते. दीड लाख माणसांच्या पहिल्या पगारापर्यंतच्या जेवणाची जोखीम शहरातल्या सर्वांत निर्धन माणसांपैकी काहींनी आपल्या शिरावर घेतली होती.

संपाच्या काळात ही गोष्ट अधिकच स्पष्ट होई. १९२८ साली एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उदयास आली आणि श्रीपाद अमृत डांगे प्रभृतींचे नेतृत्व पुढे आले. त्या संपाचा इतिहास लिहिताना आपण सभा, वाटाघाटी, पत्रके आणि चौकशी समिती यांची नोंद करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु पाच महिन्यांहून अधिक काळ पगार नसताना कामगार मुंबईत टिकून राहिला कशाच्या बळावर? काही जण गावी परतले, काहींना मदतनिधीतून धान्य मिळाले. उरलेल्यांना वाण्याच्या आणि खानावळवालीच्या उधारीने तगविले. प्रत्येक संपाला एक अलिखित निधी असे, आणि त्याचा मोठा भाग या स्त्रियांच्या चुलीपाशी जमा असे.

या व्यवस्थेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकणे मात्र अन्यायाचे होईल. जेवणारा माणूस पैसे न देता गावी निघून गेला, आजारपणात दगावला किंवा नोकरीस मुकला, तर ते कर्ज कोणाच्या माथी बसे? वाणी आपले पैसे सोडीत नसे. शेजारधर्म सगळ्यांचा, पण त्याची किंमत एकटीची, असा हा प्रकार होता. समाजाने भुकेवर काढलेल्या उपायांचा विचार करताना त्या उपायाची जोखीम कोण उचलतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने या चित्रात शासनास आणले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला आणि मुंबईत धान्याचे भाव भडकले. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत या पद्धतीचा हा पहिलाच मोठा प्रयोग. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरत होती त्याच वर्षी मुंबईने माणशी शिधा ठरवून दिला आणि कष्टाचे काम करणाऱ्यांस जादा शिधा देण्याची सोय केली. धान्य निकृष्ट असे, रांगा लांब असत, आणि पुढे १९४६ साली तुटवड्यामुळे देशभर शिधा घटवावाही लागला. तरीही या शहरातील गरिबास प्रथमच असा एक कागद मिळाला की, त्यावर लिहिलेले धान्य त्याला कोणाच्या मेहेरबानीवाचून मागता येई. ‘रेशनकार्ड’ हा शब्द मराठीत इतका घरचा होऊन बसला, याचे कारण हेच.

१९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठविण्यास प्रारंभ झाला, भाव उसळले, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच ती पुन्हा आणावी लागली. या हेलकाव्यांतून कामगारांच्या कार्यकर्त्यांना एक धडा मिळाला. वाटपाचे दुकान दुसऱ्याच्या हाती असेल, तर मापात आणि मालात काय होईल याचा भरवसा नाही. ते आपल्याच हाती असले पाहिजे. विचार नवा नव्हता. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस जणांनी आपल्या तुटपुंज्या वर्गणीतून पीठ, लोणी, साखर, ओटचे दाणे एवढ्याच मालावर दुकान थाटले होते. त्यांत विणकरही होते. आपल्याकडे १९१२ च्या सहकारी कायद्याने पतपेढ्यांखेरीज अशा ग्राहक संस्थांनाही वाट मोकळी करून दिली होती. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत अशीच एक ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. पुढे ‘अपना बाजार’ या नावाने ती साऱ्या मुंबईच्या परिचयाची झाली. खरे वजन, वाजवी भाव आणि नफ्यात सभासदाचा वाटा ही सहकारी दुकानाची मोठी देणगी होय.

परंतु रॉचडेलच्या मंडळींनी आणखीही एक नियम घालून दिला होता, तो म्हणजे रोखीचा. उधारीने दुकान बुडते, म्हणून उधार द्यायचे नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा नियम निर्दोष आहे. अडचण एवढीच की, गरिबाची भूक नेमकी रोख संपते त्याच आठवड्यात वाढते. सहकारी दुकानाने धान्य स्वस्त केले, शिधापत्रिकेने ते हक्काचे केले. पण खिसा रिकामा असलेल्या माणसाचे काय, या प्रश्नाशी दोन्ही अडले. तेथे पुन्हा खानावळवालीच उभी होती, आणि तिच्या गळ्यातले मंगळसूत्र अद्याप गहाणच होते.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. खेड्यांत दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसे खडी फोडत होती, आणि शहरात धान्य, तेल, साखर यांचे भाव आवाक्याबाहेर चालले होते. त्याच वर्षी मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई अशा नेत्यांच्या हाकेसरशी हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. लाटणे हे त्या दिवसांत राजकारणातले चिन्ह बनले. ज्या प्रश्नाला स्त्रिया तोवर आपापल्या स्वयंपाकघरात एकट्याने तोंड देत होत्या, तो सार्वजनिक प्रश्न आहे, हे या चळवळीने शासनाला ऐकविले.

याच वातावरणात गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगारांमध्ये वावरणाऱ्या प्रेमा पुरव यांचे लक्ष खानावळवाल्यांकडे गेले. संपात कामगारांस जगविणाऱ्या या स्त्रिया स्वतः सावकाराच्या पाशात आहेत, आणि कोणत्याही संघटनेच्या यादीत त्यांचे नाव नाही, हे त्यांनी पाहिले. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना कर्ज देण्याचे धोरण जाहीर झाले होते; पण ज्या बाईला सही करता येत नाही, जिच्या नावावर खोली नाही, तिला बँकेचा उंबरठा ओलांडणे कठीण होते. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि खानावळवाल्यांच्या एका लहानशा गटाला एकमेकींच्या हमीवर बँकेकडून कर्ज मिळाले. रक्कम शे-हजारांतली होती. तिच्यातून सावकाराचे देणे फेडता आले आणि वाण्याकडे रोखीने, म्हणून स्वस्तात, धान्य घेता आले.

वरवर पाहता ही केवळ कर्जाची योजना वाटेल. वास्तविक तिने काय बदलले ते नीट पाहिले पाहिजे. स्वयंपाक तोच होता, जेवणारे तेच होते, आणि महिनाअखेरची उधारीही तीच होती. बदलले ते जोखमीचे ओझे. जे एकीच्या गळ्यातल्या दागिन्यावर उभे होते, ते आता गटातल्या सगळ्यांच्या हमीवर आणि सार्वजनिक बँकेच्या पैशावर उभे राहिले. शेजारधर्माला प्रथमच आधार मिळाला. पुढे ही चळवळ शेकडो, मग हजारो स्त्रियांपर्यंत पोचली, आणि ‘खानावळवाली’ हा शब्द उच्चारताना आवाजात जो किंचित कमीपणा असे तो ओसरू लागला.

याच काळात पुण्यात दुसऱ्या वाटेने असाच प्रयोग झाला. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. पाठीवर क्विंटलाची पोती वाहणारा हमाल महाग हॉटेलात जेवू शकत नाही आणि फुकटचे अन्नछत्र त्याला नको आहे, ही त्यामागची जाण होती. ना नफा ना तोटा या तत्त्वावर ज्वारी-बाजरीची भाकरी, भाजी, आमटी असे साधे अन्न तेथे मिळू लागले. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, गिऱ्हाइकाची जात नाही; आणि ज्याची स्वतःचीच संस्था आहे, तो तर भाकरी करपली म्हणून तक्रारही हक्काने करतो. उपाशी माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; गिरण्याच हळूहळू संपल्या. खानावळवाल्यांनी याही वेळी उधारीवर जेवू घातले. पण पूर्वीच्या संपांत एक गोष्ट गृहीत असे. ती म्हणजे गिरणी पुन्हा सुरू होईल, पगार होईल आणि देणे फिटेल. या वेळी भोंगा पुन्हा वाजला नाही. जेवणारे गावी गेले, आणि शेकडो चुलींपुढे रिकाम्या पंगती उरल्या. समाजाचा परस्पर विश्वास कितीही बळकट असला, तरी अवघा उद्योग कोसळला असता तो भार त्यास पेलवत नाही, हे या प्रसंगाने दाखविले. संघटित झालेल्या स्त्रियांपैकी काहींनी कचेऱ्यांना डबे पुरविणे, समारंभांचे जेवण करणे अशी नवी वाट शोधली. ज्या एकट्या होत्या त्यांचे हाल कोणी लिहून ठेवले नाहीत.

यानंतरची कथा आपल्या अगदी जवळची आहे. महाराष्ट्रात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली, २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांत ‘शिवभोजन’ थाळी सुरू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसामागे दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि शिधापत्रिकेवर घरातील वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख मानले. चुलीचा भार वाहणारीच्या नावे कागद झाला, हा लाटणे मोर्चाला उशिरा मिळालेला न्यायच म्हटला पाहिजे. तरीही २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी झाली तेव्हा ज्यांचे कार्ड गावी आणि काम शहरात होते अशी असंख्य माणसे या कायद्याच्या चौकटीबाहेर उभी असलेली दिसली. कोठारे भरलेली होती. तेव्हा पुन्हा गुरुद्वारांतून, मशिदी-मंदिरांतून, वस्त्यांतल्या मंडळांतून पातेली चढली, आणि कागद तपासल्यावाचून माणसे जेवली.

या दीड शतकाच्या कथेवरून कोणी असे म्हणेल की, समाज समर्थ आहे, शासनाने बाजूस व्हावे. तर दुसरा कोणी म्हणेल की, हक्क कायद्याने दिला म्हणजे शेजारधर्माची गरज उरत नाही. गिरणगावचा अनुभव या दोघांनाही दुजोरा देत नाही. कायद्याला माणूस कागदावरून कळतो. शेजारणीला तो चेहऱ्यावरून कळतो, आणि म्हणून भुकेची पहिली वर्दी तिलाच लागते. परंतु ती वर्दी लागल्यावर तिने आपले मंगळसूत्र गहाण टाकावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही शहरास नाही. समाजाने भूक ओळखावी, आणि ती भागविण्याची जोखीम सहकाराने, बँकेने, शासनाने, म्हणजे आपण सर्वांनी वाटून घ्यावी, असा या कथेचा निष्कर्ष आहे.

आज परळ-लालबागच्या जुन्या गिरण्यांच्या जागी उंच मनोरे उभे आहेत. त्या मनोऱ्यांच्या बांधकामावर राबणारा मजूर आता बहुधा बिहार, झारखंड, बंगाल किंवा ओडिशातून आलेला असतो. त्याचेही कुटुंब गावी असते. संध्याकाळी तोही कोणाच्या तरी उधारीवर जेवतो. ती उधारी कोणाच्या वहीत लिहिली जात आहे, आणि फिटली नाही तर कोणाच्या गळ्याशी येणार आहे, याची विचारपूस करणे हे आपले काम आहे.